हर्षाली कोपऱ्यात उभी राहते

सापगावच्या हर्षालीला घरात शिरताना वाकावं लागतं. एवढी उंच मुलगी बघून जगदीश सरांनी तिला शहापूरच्या कॉलेजात आल्या आल्या बास्केटबॉलच्या मैदानावर ओढलं, आणि पुढच्या वर्षी ती मुलींच्या टीमची कॅप्टन झाली. टीमचा खेळ अगदी सोपा. बॉल मिळाला की हर्षालीकडे फेकायचा, पुढचं ती बघून घेई.

मुरबाडला मात्र त्या सपाटून हरल्या. परतताना जीपमध्ये कारणांचा नुसता कल्ला.

"ऊन डोळ्यांवर येत होतं," पूजा म्हणाली.

"हाफटाइमनंतर ते त्यांच्या डोळ्यांवर होतं," पुढच्या सीटवरून सर म्हणाले.

"त्यांची रिंगच वाकडी हाय," कुणालीने ठोकून दिलं.

"मग त्यांचे बॉल बरे सरळ जात होते!" सर म्हणाले.

सगळ्या खिदळल्या. हर्षाली मात्र सामनाच आठवत होती. मुरबाडच्या दोन मुली पहिल्यापासून तिला चिकटून होत्या. म्हणजे आपली कोणीतरी मोकळी असणार. तिने विचारलं, "कोण मोकळं होतं गो?"

"मी," मागून मैना म्हणाली. ती वैशाखऱ्याजवळच्या पाड्यावरची, बोलायला कमी, पळायला वाऱ्यासारखी.

"मग बॉल मागायचास ना!"

"मागितला. घसा बसला माझा. तू वळून बघितलंसच नाय."

सगळ्यांच्या माना हर्षालीकडे वळल्या. मग हर्षालीलाच हसू फुटलं. "सर, कारण सापडलं. मीच!"

दुसऱ्या दिवसापासून सरावात तिने रिंगकडे बॉल मारणंच बंद केलं. फक्त पास द्यायचा. हात शिवशिवायचे. पास द्यायची सवय नसल्याने पहिला बॉल थेट कुंपणापलीकडे चरणाऱ्या म्हशीला लागला. म्हैस ढिम्म हलली नाही, पोरी मात्र हसून लोळल्या. हळूहळू बॉल मैनाच्या हातात बसू लागला.

महिन्याभराने मुरबाडची टीम शहापुरात आली. त्याच दोघी पुन्हा हर्षालीला चिकटल्या. हर्षाली निवांत कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, त्या दोघीही मागोमाग. रिंगखाली रान मोकळं! मैनाने एकामागून एक बास्केट टाकले. मध्येच बॉल हर्षालीकडे आला, तोही तिने वरच्यावर मैनाला दिला. टीम जिंकली, सरांची शिट्टी थांबेना.

सामना बघायला पहिल्यांदाच आलेली आई घरी जाताना जरा खट्टूच होती.

"सगळ्या पोरी पळत होत्या, तू नुसती उभी. कॅप्टन ना गो तू?"

"आई, आज लय भारी उभी राहिले मी," हर्षाली म्हणाली आणि हसत हसत पुढे चालू लागली.