गार्डसाहेबांचा लाल वाफा

लग्नानंतरच्या पहिल्याच आषाढात मी शेजाऱ्यांची बाग उपटली, निवडली, लसणाच्या फोडणीत परतली आणि घरादाराला वाढली. एवढ्यावर थांबले असते तर नुसती मूर्ख ठरले असते. पण मी तेव्हा बाविशीतली, नागपूरची, आणि मला सगळंच येतं असा माझा ठाम समज. म्हणून त्यातलीच एक वाटी वर ताटली झाकून, ज्यांची बाग त्यांनाच नेऊन दिली.

ते शेजारी म्हणजे गार्डसाहेब. त्यांना नाव होतं, पण ते पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नसावं. मालगाडीवर गार्ड होते. गाडी घेऊन बिलासपूरकडे गेले की दोन दिवस घराला कुलूप. उंच, वाळकुडे, पांढरा गणवेश घालून चालले की विजेचा खांबच ड्यूटीवर निघालाय असं वाटायचं. रायपूरला आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांचं घर अन् आमचं घर भिंतीला भिंत लागून. बायको वारली होती, लहान मुलगी नागपूरला आजोळी वाढत होती. घरात एक खाट, एक स्टोव्ह आणि एक घड्याळ. सगळा संसार काय तो कुंपणालगतच्या वाफ्यात. तिथं कोंबडा फुलायचा.

कोंबडा म्हणजे तुमच्या-माझ्या अंगणातला तोच, मखमली तुऱ्याचा. पण गार्डसाहेबांच्या कोंबड्याचा तुरा तळहाताएवढा रुंद आणि रंग पिकलं जांभूळ पांढऱ्या धोतरावर चिरडावं तसा. दसऱ्याच्या सुमाराला रस्त्यानं जाणारे सायकली थांबवून बघायचे, असं सासूबाई सांगायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा ऐन पावसाळा होता, त्यामुळे फुलं मी पाहिलीच नव्हती. हा माझा बचाव. तो तेव्हाही कुणी मान्य केला नाही.

बघायला कुणालाही मोकळीक होती. हात लावायला नाही. आपल्याकडे पहाटे पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं देवासाठी तोडणारी मंडळी असतात, त्यांच्यावर गार्डसाहेबांचा फार राग. ड्यूटी नसली की ते उजाडताना शिट्टी घेऊन दारात बसायचे. कुणाचा हात कुंपणावरून आत आला की फुर्रर्र! "देवाचं नाव अन् माझं फूल!" ते ओरडायचे. "देवाले पाहिजे असंल तर तो स्वतः येईल मागाले!" फुलं नसलेल्या दिवसांतही सवयीनं एक फुंकायचेच, आमच्या घरात त्या शिट्टीवर चहाचं आधण चढायचं.

बी तर ते कुणालाच देत नसत. सासूबाईंनी एकदा मागून पाहिलं. गार्डसाहेब हात जोडून म्हणाले, "वहिनी, जीव मागा. बी मागू नका." ते बी त्यांच्या बायकोनं लग्नात माहेरून पदराच्या गाठीला बांधून आणलं होतं. आपल्या दारचं फूल आपल्याच दारी असावं, अशी तिची हौस. ती गेल्यावर गार्डसाहेबांनी तिची हौस नियमासारखी पाळली. दरवर्षी सगळ्यात देखणा एकच तुरा बियाण्याला ठेवायचा आणि मृगाच्या पावसात ते सगळं बी एकाच वाफ्यात पेरायचं. हे मला नंतर कळलं. मला सगळंच नंतर कळायचं.

तर त्या दिवशी ड्यूटीवर निघताना ते कुंपणापाशी थांबले अन् म्हणाले, "सूनबाई, परवापर्यंत येईन. तेवढं पाणी घालशील? वाफा आपलाच समज."

मी समजले. अगदी मनापासून समजले. दुसऱ्या दिवशी पाहते तर वाफाभर वीतभर उंचीची लालभडक कोवळी रोपं. आणि मला रायपुरात येऊन जेमतेम महिना झालेला. बाजारात पाहावं तिकडे लाल भाजीच्या, म्हणजे आपल्या लाल माठाच्या, जुड्या, ज्याच्यात्याच्या तोंडी लाल भाजीचं कौतुक. मी मनात म्हटलं, बिचारा एकटा माणूस, पेरून ठेवतो अन् खायला घरी नसतो. जून होऊन वाया जाईल. सासूबाई भजनाला गेल्या होत्या. मी पदर खोचला आणि वाफा मुळासकट स्वच्छ केला. वर मातीसुद्धा सारखी केली. गार्डसाहेबांना नीटनेटकेपणा आवडतो ना!

रात्रीच्या जेवणात सासूबाई म्हणाल्या, "जरा चरबट लागून राहिली गं." सासरे म्हणाले, "नव्या हाताची आहे, खा." कुठून आणली हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बाजारात न जाता भाजी आणली म्हणून सावकाश शाबासकी मिळवायचा माझा बेत होता.

गार्डसाहेब ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परतले. बूट काढून पायरीवर टेकतात न टेकतात तोच मी वाटी अन् दोन पोळ्या घेऊन हजर. दमलेला माणूस, भराभर जेवला. वाटी पुसून घेतली.

"चांगली झाली. मीठ कमी आहे," ते म्हणाले. "कुठली?"

"तुमच्याच वाफ्यातली!" मी म्हणाले. अजूनही तो माझा आवाज आठवला की मी उशीत तोंड खुपसते. बक्षीस घ्यायला व्यासपीठावर चढणाऱ्या पोरीचा आवाज होता तो.

ते उठले. टॉर्च घेऊन कुंपणाकडे गेले. बराच वेळ तिथं उजेड हलत राहिला. मग आत गेले, वाटी घासली, माझ्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्या घरी ओरडा खायची सवय होती मला.

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "काहून गं पोट्टे! ते कोंबड्याची रोपं होती! त्याच्या बायकोचं फूल होतं ते. तिच्या माहेरीही ते कधीचंच संपलं. आता तिचं बी जगात कुठं नाही." मग म्हणाल्या, "अन् आपण जेवलो ते."

दुसऱ्या दिवशी उजाडताना शिट्टी वाजली नाही. राखायलाच काही उरलं नव्हतं. आमचा चहा उशिरा झाला आणि कुणी तक्रार केली नाही.

मी आधी सोपा रस्ता धरला. नवऱ्याला घेऊन गोल बाजारात गेले, दुकान शोधलं, कोंबड्याच्या बियांचं पाकीट आणलं अन् गार्डसाहेबांपुढे धरलं. पाकिटावर पिवळ्या मऊ शेंड्यांचं चित्र होतं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हे पिसं आहेत, सूनबाई," ते शांतपणे म्हणाले. "कोंबडा नाही. ठेव तुझ्याजवळ, छान येतील." रागावलेही नाहीत. ते मला जास्तच लागलं.

मग डोक्यात आलं ते चोरांचं. इतकी वर्षं हा माणूस शिट्ट्या वाजवतो, म्हणजे फुलं तोडली जातच असणार. ड्यूटीच्या दिवसांत तर राखण कुणाचीच नाही. तोडलेली फुलं जाणार कुठे? देवाला. देवावरून उतरली की? निर्माल्य बहुतेक घरी तुळशीच्या बुडाशी. दिवाळीनंतरचा पिकला तुरा असला तर त्यात बी असणारच!

झालं. मी पाऱ्यातल्या घराघरात विरजण मागायला जाऊ लागले. "काकू, चमचाभर दही द्याल?" त्या आत गेल्या की मी तुळशीपाशी उकिडवी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरात विरजण आहे, नुसतं दूध नाही!" पण मी काही थांबले नाही.

आणि सापडलं. समोरच्या मिश्रा चाचींकडे. पाऱ्यात सगळ्यात देवभोळ्या त्याच, फूलचोरांना सगळ्यात मोठ्यांदा शिव्याही त्यांच्याच. त्यांच्या तुळशीखाली, दगडाच्या आडोशाला, तीच लालभडक देठांची चार-दोन रोपं मजेत उभी.

"चाची, ये क्या है?"

चाचींनी दह्याची वाटी माझ्या हातात कोंबली. "वो? वो तो अपने आप उग गया, बहू. चिड़िया-विड़िया लाई होगी।"

"चिड़िया झोला लेकर आई थी क्या?" मी विचारलं. तोंडाची मी पहिल्यापासून अशीच.

चाचींनी इकडेतिकडे पाहिलं, मला हाताला धरून आत ओढलं. "बहू, ले जा. सब ले जा. पर मेरा नाम मत लेना, तुझे तुलसी मैया की कसम।"

मी खुरप्यानं मातीच्या ढेकळासकट रोपं उचलली अन् पदराआड धरून गार्डसाहेबांकडे पळाले. ते गुडघ्यांवर बसले. एकेका देठावरून बोट फिरवलं, पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, "हव. तिचंच आहे." मग माझ्याकडे वळले. "कुठून आणलं?"

"सांगता येत नाही. शपथ आहे."

त्यांनी मान वर करून समोर पाहिलं. मिश्रा चाची भर पावसाळ्यात, चिखल झालेल्या अंगणाला बादलीनं पाणी घालत होत्या. गार्डसाहेबांनी खिशातून शिट्टी काढली आणि त्या दिशेनं एक लांबलचक फुंकली. चाची बादली टाकून घरात. आणि गार्डसाहेब हसायला लागले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

रोपं रुजली. दसऱ्याला तुरे आले, तळहाताएवढेच. पहिला तुरा त्यांनी बायकोच्या फोटोला वाहिला, दुसरा स्वतः नेऊन मिश्रा चाचींच्या हातात दिला. "घ्या, आज बिना शिट्टीचा." आणि दिवाळीनंतर, ज्या माणसाकडे बी मागायची सोय नव्हती, तो कागदाच्या पुड्या बांधून घरोघर फिरला. लोक चकित झाले की म्हणायचा, "सगळं बी एका वाफ्यात ठेवलं, तर एक सून पुरते."

हे वाक्य त्यांनी पुढची सगळी वर्षं, नव्या माणसाला माझी ओळख करून देताना वापरलं.

मला मात्र त्यांनी पुडी देऊन सोडलं नाही, शिकवलं. बी राजगिऱ्याएवढं बारीक, काळं चकचकीत. ते वाळूत कालवून वरवर भुरभुरायचं, गाडायचं नाही. "पुरून टाकशील तं वर कसं येईल?" दाट उगवलं की विरळ करायचं, आणि उपटलेलं माझ्या हातून काढून घेतलं जायचं, न विसरता. बाजूचे फुटवे काढले की वरचा एकच तुरा मोठा होतो. पाणी पायाशी, तुऱ्यावर कधीच नाही. "कोंबड्याले अंघोळ नाही आवडत. माझ्यासारखाच आहे." तुरा वाळू लागला की उलटा धरून कागदावर चोळायचा. त्यातून बी टपटप पडायला लागलं की गार्डसाहेब दार लावून घ्यायचे, वाऱ्यानं एकही उडू नये म्हणून.

आणि दर आषाढात ते आपल्या वाफ्याशेजारी एक छोटा वाफा खऱ्या लाल भाजीचा लावू लागले. रोपं वीतभर झाली की कुंपणावरून हाक यायची. "सूनबाई! हे खायची. ते नाही." मला मुलं झाली, केस पांढरे झाले, मी स्वतः सासू झाले, तरी हाक तीच. माझी सून पहिल्यांदा ऐकून हसून हसून खाली बसली, तेव्हा तिला सगळी गोष्ट सांगावी लागली. त्या दिवसापासून घरात माझा वचक संपला.

ऐंशीच्या घरात आल्यावर मुलीनं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. गुडघे गेले होते, वाकता येत नव्हतं. घर विकलं गेलं. तिथं आता बहुमजली इमारत आहे, पण गाड्या लावायच्या जागेच्या कडेला दर पावसाळ्यात कोंबडा आपणहून उगवतो. मिश्रा चाचींच्या दारात आहे, मारुतीच्या देवळामागे आहे, लग्न होऊन अभनपूरला गेलेल्या पोरींच्या अंगणात आहे. माझी नात म्हणते, "आजी, ये तो ब्रेन जैसा दिखता है।" मी म्हणते, बाई गं, मी तो शिजवला तेव्हा नेमका तोच अवयव माझ्याकडे नव्हता. पुड्या आता तीच बांधते. वर हिंदीत नाव लिहिते, पण घडी गार्डसाहेबांची घालते.

नागपूरच्या गच्चीतही त्यांनी कुंड्या लावल्या. मागच्या वर्षी ते गेले. मुलीनं फोनवर सांगितलं, "काकू, बाबांच्या खोलीत फोटोजवळ आईचाच तुरा होता, ताजा." मी फोन ठेवला आणि बियांचा डबा उगाच एकदा उघडून पाहिला.

पण मला आठवतं ते स्टेशन. त्यांना पोचवायला अर्धा पारा आला होता. मी डबा केला होता, पुऱ्या आणि लाल भाजी. खिडकीतून दिला तर त्यांनी गाडी सुटायच्या आधीच झाकण काढलं. मी म्हटलं, "अहो, प्रवासात खा ना, आता काय घाई आहे?" त्यांनी ऐकलं नाही. एक घास तोंडात घातला. मागे गार्डानं शिट्टी दिली, तशी सवयीनं त्यांची मान तिकडे वळली. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालू लागले. डोळे भरून आले होते, दिसत काही नव्हतं. आतून त्यांचा आवाज आला:

"सूनबाई, मीठ बरोबर आहे. पण आधी सांग, ही कोणाच्या वाफ्यातली?"