एकशे सात नंबरची पेटी

माझ्या आईचा फोटो तिच्या आधी आठ दिवस दुबईला पोचला. डिंगोऱ्याकडून येणारा रस्ता आमच्या गावच्या स्टँडला मिळतो तिथं माझ्या थोरल्या भावानं, दादानं, फ्लेक्स लावला होता. त्यावर दादा, वहिनी आणि आई जगातल्या सगळ्यात उंच इमारतीपुढं उभे होते. आई डावीकडं, दादाच्या खांद्याच्या जरा मागं. तिचा चेहरा भाचीच्या लग्नातल्या फोटोतून कापला होता, त्यामुळे दुबईत ती अक्षता टाकायच्या तयारीत उभी दिसत होती. वर मोठ्या अक्षरांत 'परदेश अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. खाली शुभेच्छुकांची रांग, तीत माझाही चेहरा. मी मंचरच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते, आणि या दौऱ्याला मीसुद्धा जाणार होते. आमच्या शाळेचा शिपाई त्याच रस्त्यानं येतो. "बाई, तुमी जाणाऱ्यांत का पोचवणाऱ्यांत?" त्यानं विचारलं.

अभ्यास दौरा म्हणजे एका ट्रॅव्हलवाल्याचं शुक्रवार ते रविवारचं पॅकेज, नाश्त्यासकट. दादाला बाजार समितीच्या निवडणुकीला उभं राहायचंय. आमच्याकडं माणूस पुण्याला जाऊन आला तर त्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही. विमानानं जाऊन आला की त्याचा सत्कार होतो, आणि शाल अंगावर पडलेला माणूस उमेदवारीला लायक ठरतो. या तर्कावर माझा राग नव्हता. असे कार्यक्रम मी आवर्जून बघते, करमणूक चांगली होते. राग आला तो नंतर, आईच्या एका मागणीचं जे झालं त्यावरून.

वडील गेल्यापासून आमची द्राक्षबाग आई बघते. दादा बागेबद्दल बोलतो. दोन्ही कामं लागतात, असं त्याचं म्हणणं. विरळणीच्या दिवसांत आई छोटी कात्री घेऊन मांडवाखाली मान वर करून उभी राहते आणि एकेका घडातले जादा मणी कापून काढते, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा होते. त्या दिवसांत तिची मान खाली वळत नाही. जेवताना भाकरी कुठं आणि कालवण कुठं, हे ती हातानं चाचपून ठरवते. माल तयार झाला की पेट्या भरून कंटेनर आखाताकडं जातो. प्रत्येक पेटीवर शेतकऱ्याच्या नंबरचा स्टिकर लावायचा असतो. तिकडून तक्रार आली तर मानगूट कुणाची धरायची ते कळावं, एवढाच त्या नंबरचा हेतू. आमचा नंबर एकशे सात. आई ते स्टिकर दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. उजव्या कोपऱ्यात, पेटीच्या काठाला धरून सरळ, वरून अंगठ्यानं दाबून. सही करायचे प्रसंग तिच्या आयुष्यात फार आले नाहीत. ही तिची सही.

निघायच्या चार दिवस आधी दादानं तिला विचारलं, "आई, तुला दुबईत काय बघायचंय?" वहिनीचा मोबाइल समोर होता आणि व्हिडिओ चालू होता, म्हणूनच हा प्रश्न विचारला गेला.

"आपली पेटी," आई म्हणाली.

"कसली पेटी?"

"एकशे सातची. वरच्या तुकड्यातला माल जाऊन पंधरा दिस झालं. तिकडं कोन घेतं, कोन उघडतं, आतला घड कसा निघतो, तेवडं बघायचंय. एकदा बघितलं की झालं."

दादा मोकळेपणी हसला. "बघू की! शनवारी सकाळी पयलं तेच काम." व्हिडिओ छान निघाला. गावातल्या बहुतेकांनी तो पाहिला, पुष्कळांनी अंगठे दिले. आईनं मात्र तो शब्द मानला. रोलवरचा एक स्टिकर तिनं पासपोर्टात घालून घेतला. पेटी सापडली तर ओळख पटवायला.

शुक्रवारी पोचल्यावर मी हॉटेलात चौकशी केली. फळांचा घाऊक बाजार शहराबाहेर होता. पहाटे भरतो आणि अकरापर्यंत उरकतो, असं सांगितलं. मी ते दादाला सांगितलं, आईसमोर सांगितलं.

शनिवारी आई साडेसहाला लुगडं नेसून खोलीच्या दारात बसली होती. आठ वाजता दादा उठला आणि म्हणाला की उंच इमारतीची वेळ सकाळचीच मिळालीय, बाजार उद्या. आम्ही इमारतीवर गेलो. लिफ्टमध्ये कान बंद झाले. वर काचेपलीकडं एक तपकिरी रंगाचं शहर होतं आणि काचेअलीकडं त्याच्याकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढणारी माणसं. आई बाकावर बसली.

"आई, खाली बघ की! केवडं दिसतंय!" दादा म्हणाला.

आईचं माहेर तळेघरकडचं. "आमच्या तिथं कड्यावर गेलं की सगळं कोकण दिसतंय," ती म्हणाली. "तिकीट न्हाई लागत. फकस्त चालावं लागतं."

खाली आल्यावर फ्लेक्सवरचा फोटो प्रत्यक्षात काढायचा होता. दादानं मोबाइलमध्ये फ्लेक्स उघडून धरला आणि त्याबरहुकूम आम्हाला उभं केलं. आई डावीकडं, खांद्यामागं. "आई, त्यात तू हसतीयास. हस." उन्हात पाऊण तास हे चाललं. माणसं दुबईला जाऊन फोटो काढतात. आम्ही फोटोबरहुकूम दुबईला गेलो होतो.

संध्याकाळी हॉटेलात दादाच्या लक्षात आलं की वहिनीनं काढलेल्या सगळ्या फोटोंत इमारतीचं टोक कापलं गेलंय.

रविवारी सकाळी आई पुन्हा दारात बसली होती. दादा म्हणाला, "आधी टोक घिऊ, मग बाजार."

"अकराला बाजार उठतो," मी म्हणाले.

"फ्लेक्सवर टोक हाय. लोकं म्हनतील, गेलंच न्हाईत, चिटकवलंय."

"चिकटवलेलंच आहे."

"मास्तरीणबाई, तुमी पुस्तकं वाचा. राजकारन आमाला करू द्या."

हॉटेलच्या दारात टॅक्सी उभ्या होत्या. आईला एका टॅक्सीत घालून मी सरळ बाजारात नेऊ शकले असते. परमुलखात घरातली भांडणं नकोत, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण असं की मला भांडणाचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याला मी समजूतदारपणा म्हणते. आम्ही टोक घ्यायला गेलो. ते दुपारी एकला मिळालं.

बाजारात पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. लांबच लांब शेड रिकाम्या होत्या आणि एक माणूस पाइपानं फरशी धूत होता. शेडच्या टोकाला रिकाम्या खोक्यांचा पुरुषभर ढीग होता. आई गाडीतून उतरली आणि सरळ ढिगाकडं गेली. पदर खोचून, खाली बसून ती एकेक खोकं उलटून बघायला लागली. आमच्या गाडीचा ड्रायव्हर पेशावरकडचा, पांढऱ्या दाढीचा होता. तो तिच्याजवळ गेला.

"अम्माजी, क्या ढूंढ रही हैं?"

आईनं पासपोर्टातला स्टिकर काढून दाखवला. "हमारा नंबर."

त्यानं एकदा स्टिकर बघितला, बाह्या वर केल्या आणि तोही ढीग उपसायला बसला. थोड्या वेळानं आमच्याकडच्या पॅकिंगवाल्यांच्या खुणेची खोकी लागायला लागली. आईचा चेहरा बदलला. "ह्यो एकशे बारा. आपल्या वरच्या आळीचा. बघ की, कसा तिरका लावलाय!" दुबईत तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि कुणी सांगितलं नव्हतं. अर्धा ढीग अजून बाकी होता.

गाडीतून दादाचा आवाज आला. "आई, चल! लोकं बघत्यात. कचरा काय उपसतीस? घरी खोकी कमी हाईत का?"

आई उपसत राहिली. दादानं दुसऱ्यांदा हाक मारली. मग मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "आई, चल आता. विमानाला उशीर होईल." विमानाला वेळ होता. मला कोण बघतंय ते मी आधी बघून घेतलं होतं. तो फरशी धुणारा माणूस बघत होता, बस.

आईनं हातातलं खोकं नीट ढिगावर ठेवलं. पाइपाच्या पाण्यात हात धुतले. गाडीत बसताना ड्रायव्हर तिला म्हणाला, "सुबह आना था, अम्माजी."

"चलो भाई, चलो," दादा म्हणाला.

बुधवारी देवळाच्या सभामंडपात सत्कार झाला. मंचामागं नवा फ्लेक्स होता. इमारत टोकासकट, आणि शेजारी मला माहीत नसलेला एक फोटो. खोक्यांच्या ढिगापुढं आईची वाकलेली पाठ, आणि तिच्यामागं कमरेवर हात ठेवून दादा. खाली लिहिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय बाजारपेठेची प्रत्यक्ष पाहणी'. जी खोकी त्याला कचरा वाटत होती, त्यांच्यासमोर तो फोटोपुरता उतरला होता. माझी पाठ असताना कधीतरी, वहिनीच्या मोबाइलपुढं.

"बंधूंनो, मी सोता बाजारपेठेत उतरलो," दादा माइकवर सांगत होता. "आपल्या मालाच्या पेट्या हातात घिऊन बघितल्या. आपला नंबर तिथं काय किंमतीचा हाय, त्याचा अभ्यास केला." टाळ्या झाल्या. उठावं आणि त्या अभ्यासाची प्रश्नपत्रिका काढावी, असं वाटलं. मी पहिल्या रांगेत होते, हातात पेढा होता, आणि मी उठले नाही. आईला शाल दिली, माइक पुढं केला. "घसा बसलाय," ती म्हणाली. घसा ठीक होता. वाटेत तिनं कुणाच्या तरी शेळीला खणखणीत शिव्या दिल्या होत्या.

दहा दिवसांनी खालच्या तुकड्याची तोडणी निघाली. शनिवार होता, मीही गेले होते. शेडमध्ये बाया घड साफ करत होत्या, व्यापाऱ्याचा माणूस वजन बघत होता, दादा दोन कार्यकर्त्यांना बाग दाखवत होता. पहिल्या पेट्या भरल्या. आईनं स्टिकरचा रोल उचलला, सगळ्यांमधून चालत गेली आणि दादाच्या हातात ठेवला.

"लाव."

"मी?" दादा हसला. "आई, हे तुझं काम."

"आता तुजं. तू अभ्यास केलायस."

एक बाई फिसकन हसली. कार्यकर्ते घडांकडं बघायला लागले. दादानं माझ्याकडं बघितलं आणि मी सवयीनं रोल घ्यायला हात पुढं केला.

"तू न्हाई," आई म्हणाली. "तू बी तितंच व्हतीस."

मी हात मागं घेतला. दादानं पहिला स्टिकर सोलला. तो त्याच्या बोटाला चिकटला, मग पेटीवर तिरका बसला, खालचा कोपरा उचललेला. आईनं तो बघितला. तिचा अंगठा जरा हलला, मग तिनं हात पदरात घेतला.

"असं चालंल का?" दादानं विचारलं.

"मला काय ठावं," आई म्हणाली. "पेटी कोन उघडतं, मी कुटं बघितलंय?"