खरवडलेलं नाव

अर्स्किन पिनॉकच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची आई आम्ही शाळेत होतो तेव्हापासून म्हणायची. आता तो सदुसष्टचा झालाय, गुडघ्याला पट्टा बांधतो, तरी शनिवार उजाडला की पठ्ठ्या निघालाच. हार्ल्सडेनची जुन्या रेकॉर्डची दुकानं, पोर्टोबेलोचा बाजार, चर्चच्या तळघरातली मोडक्या सामानाची विक्री. तिथं गुडघे टेकून दोन-दोन तास खोकी उलटीपालटी करायची आणि उतरलेल्या तोंडानं घरी यायचं. त्याच्या बायकोनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, लेस्टर, खरं सांग, हा बाहेर कुणाला भेटतो का? मी म्हटलं, बाई, कुणी भेटत असती तर हा इतका रडका चेहरा घेऊन आला असता का?

आमच्या साउंडचं, म्हणजे रस्त्यावर गाणी वाजवणाऱ्या टोळीचं, नाव 'रॉयल टॅमरिंड'. रेकॉर्ड लावणार अर्स्किन, माइकवर बोलणार त्याची पुतणी शर्मेन, आणि व्हॅन हाकणं, माणसाच्या उंचीच्या स्पीकरच्या पेट्या उचलणं हे माझं काम. माझी कंबर त्यातच गेली. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी-सोमवारी, कार्निव्हलच्या रस्त्यावरच्या जत्रेला, आमचा कोपरा अडतीस वर्षं तोच आहे. दोन गल्ल्या सोडून बर्ट्रम फेसीचा 'कोबाल्ट' साउंड असतो. बर्ट्रमचं आणि अर्स्किनचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकाच्या सासऱ्याच्या अंत्ययात्रेत दोघं समोरासमोर आले तेव्हासुद्धा हवेबद्दल बोलून मोकळे झाले.

आमच्या धंद्यात नवी रेकॉर्ड घेतली की आधी तिच्या मधला कागद नाण्यानं खरवडून काढायचा. म्हणजे दुसऱ्या साउंडवाल्यानं खांद्यावरून डोकावलं तरी गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव त्याला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. अर्स्किनच्या चारशे रेकॉर्डवर एक अक्षर शिल्लक नाही. ओरखड्यांवरून बोट फिरवून तो हवी ती काढतो. त्याच्या पेटीत हात घालायची कुणाची छाती नाही.

त्यातली एक होती सातच्या गाण्याची. कार्निव्हलला सात वाजता पोलीस सगळ्यांचे आवाज बंद करायला लावतात, आणि सातला दहा मिनिटं असताना अर्स्किन ती लावायचा. सुरुवातीला नुसता एका बाईचा आवाज. मी पहिल्या बसनं कामाला जाते, मला उठवू नका, मी जागीच आहे, असं काहीसं गाते. मग खालून बेस येतो आणि सगळी गल्ली हलते. त्या एका गाण्यासाठी लोक बर्मिंगहॅमहून गाड्या करून येत. दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतं, अलीकडे गाणं ऐकून नाव सांगणाऱ्या शर्मेनच्या फोनला विचारून पाहिलं तर फोनही गप्प. लोक अर्स्किनला नाव विचारत. तो नुसता हसायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा, कारण शाळेपासूनच्या मित्रालाही त्यानं नाव सांगितलं नव्हतं.

गेल्या ऑगस्टात जे झालं त्याला जबाबदार मी. रविवारी कधी नव्हे ते ऊन तापलं होतं. दुपारी रेकॉर्डची छोटी पेटी मी व्हॅनच्या पुढच्या काचेखाली ठेवली, म्हटलं पाचच मिनिटं, आणि मक्याच्या कणसाच्या रांगेत उभा राहिलो. रांगेत जुनी माणसं भेटली, गप्पा लागल्या. नंतर अर्स्किनला घरून फोन आला की बायको चक्कर येऊन पडली, म्हणून तो साडेपाचलाच गेला, आणि सातचं गाणं त्या दिवशी वाजलंच नाही. सोमवारी बायको बरी होती, म्हणून तो आला आणि दुपारी त्यानं पेटी उघडली. सातच्या गाण्याची रेकॉर्ड उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पेट्यांच्या भोवती फेऱ्या मारायला लागला. शर्मेन म्हणाली, काका, माझ्याकडे गेल्या वर्षीचं फोनवर आहे, तेच लावू. त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं फोन खिशात घातला. मी म्हटलं, मला नाव सांग. शहरात एवढे साउंडवाले आहेत, एवढी दुकानं ओळखीची आहेत, सातपर्यंत कुठूनतरी दुसरी मिळवतो. चूक माझी आहे, मला निस्तरू दे.

"नाही," तो म्हणाला.

मग मात्र माझा तोल गेला. जे तोंडात आलं ते बोललो. कोत्या मनाचा आहेस, गाणं मेलं तरी चालेल पण नाव सांगणार नाहीस, मेल्यावर शवपेटीत घेऊन जा म्हटलं. लोक बघायला लागले. त्यानं माझा दंड धरला आणि मला पेट्यांच्या मागे नेलं.

"मला नाव माहीत नाही, लेस्टर."

मला वाटलं थट्टा करतोय. तो भराभर बोलत सुटला. त्र्याऐंशी साली हार्ल्सडेनच्या दुकानात जमेकाहून खोकं आलं होतं. त्यानं ही ऐकली आणि घेतली. बाहेर पडतो तोच समोरून बर्ट्रम. त्याला दिसू नये म्हणून दुकानाच्या मागच्या गल्लीत पळाला आणि घाईघाईनं कागद खरवडला. खरवडून झाल्यावर लक्षात आलं की आपण वाचलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला काही आठवेना. आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं. शनिवारची ती सगळी वणवण त्याच एका नावासाठी होती.

मी हसलो. नंतर हसल्याची लाज वाटली.

साडेपाच झाले होते. मी म्हटलं, हे नाव जगात कुणी हुंगून काढलं असेल तर ते बर्ट्रमनं. तो नाही म्हणाला, मग नाही म्हणाला, मग टोपी घालून चालायला लागला. दोन गल्ल्या, पण त्या गर्दीतून अर्धा तास गेला. पिसं लावलेल्या पोरी, शिट्ट्या, जळत्या मिरच्यांचा धूर, आणि अर्स्किन पुढे पुढे लोकांना कोपरानं ढकलत चाललेला. आपल्याच रेकॉर्डचं नाव दुसऱ्याच्या दारात विचारायला तो नाक मुठीत धरून निघाला होता.

बर्ट्रम खुर्चीवर बसून मटणाची करी आणि भात खात होता. अर्स्किननं सगळं एका दमात सांगितलं, माहीत नाही हेसुद्धा. बर्ट्रमनं ताटली खाली ठेवली, हात पुसले आणि आपल्या पेटीच्या तळातून एक रेकॉर्ड काढली. मधला कागद जसाच्या तसा, हिरवा. एक्क्याण्णव साली जमेकात, किंग्स्टनला एका बोळात मिळाली, म्हणाला.

"मग वाजवली का नाहीस?" मी विचारलं.

"ते याचं सातचं गाणं. मी काय भुरटा आहे?"

अर्स्किन कागद वाचत होता. आयोनी ब्रॅमवेल. ओठ हलवत त्यानं दोनदा वाचलं. कोण ही, कुठं असते, त्यानं विचारलं, आणि बर्ट्रमचा चेहरा पडला.

"विल्सडेनला राहायची. नर्स होती. माझ्या मेहुणीच्या लग्नात भेटली होती. म्हणाली, पोरवयात जमेकात एक रेकॉर्ड केली, पण ती कुणी ऐकलीच नाही."

"आणि मी ती दरवर्षी वाजवतो हे तू तिला सांगितलं नाहीस?" अर्स्किन म्हणाला.

"तुला ठाऊक असणार, असं वाटलं मला. तू हिला तुझ्या कोपऱ्यावर बोलावत नाहीस, मग मी कशाला नाक खुपसू? कार्निव्हलच्या सुट्टीत ती नेहमी ड्युटी घ्यायची, इकडे कधी फिरकली नाही. अकरा वर्षं झाली तिला जाऊन."

विल्सडेन आमच्या कोपऱ्यापासून बसनं वीस मिनिटांवर. अर्स्किन तिथल्या प्रत्येक दुकानातली खोकी उपसून आला होता. मला त्या दोघांचाही राग आला, आणि माझाही, कारण खरवडताना रेकॉर्ड धरून ठेवायला मीच असायचो.

परत पोचलो तेव्हा सातला बारा मिनिटं होती. गल्ली दाबून भरली होती, सगळे वाट बघत होते, आणि पोलीस घड्याळाकडे पाहत होता. अर्स्किननं रेकॉर्ड फिरत्या तबकडीवर ठेवली आणि शर्मेनकडे माइक मागितला. अडतीस वर्षांत तो माइकवर एक शब्द बोललेला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दे.

"हे गाणं आयोनी ब्रॅमवेलचं आहे," तो म्हणाला. "विल्सडेनला राहायची. नाव मला आत्ता कळलं. इतकी वर्षं मी तुम्हाला बघून हसत होतो, पण मला माहीत नव्हतं."

अगदी पुढं उभ्या असलेल्या एका बाईनं फोन बाहेर काढला आणि नाव पुन्हा सांगा म्हणाली. त्यानं पुन्हा सांगितलं. मागून आणखी कुणी विचारलं, तेव्हा परत सांगितलं, सावकाश, त्यांचं लिहून होईपर्यंत. सहा मिनिटं उरली होती आणि गाणं चार मिनिटांचं होतं, तरी त्यानं पिन टेकवायची घाई केली नाही.