'मला' म्हणणारी बाई

गाव सोडलं त्या सकाळी मायनं माझी बॅग पदरानं पुसून पुसून दिली. वीजकेंद्राच्या राखेच्या तलावावरून वारा सुटला होता. ऑटोत ठेवेपर्यंत बॅग पुन्हा पांढरी. "जाय लवकर," माय म्हणाली. "दार लावून घेतो मी, राखड उडून राहिली." निरोप म्हणून एवढंच. मी चिडले होते. निदान रडायला तरी थांबायचं होतं!

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, आता चिडायला त्याहून मोठी कारणं आहेत. नागपुरात बेसा भागात मी भाड्याच्या खोलीत राहते. इथं फरशी पुसली की पुसलेलीच राहते. सुरुवातीला मी उठल्याबरोबर फडकं घेऊन खिडकीपाशी जायची. चौकट स्वच्छ असायची, आणि मला लाज वाटायची. कशाची, ते अजून कळलेलं नाही.

सदर भागातल्या एका लहानशा रेडिओ केंद्रावर मी दुपारचा गप्पांचा कार्यक्रम चालवते. कधी नाटकवाले येतात, कधी विज्ञानाचे प्राध्यापक, कधी वस्तीतली माणसं आपलं गाऱ्हाणं घेऊन. सक्करदऱ्याच्या तलावावर बोललो तेव्हा फोन थांबेनात. राखडीवर बोललो, तेव्हा प्राध्यापकांनी फुप्फुसात शिरणारे बारीक कण छान समजावले. मी आपल्या गावाचं नाव घेऊन फोन मागितले. एकही आला नाही. चळवळीची पत्रकं वाटत मोठी झालेय मी, भिंतीशी बोलायची सवय आहे. पण ही भिंत माझ्याच घराची होती.

मायला विचारलं, "कोणीच फोन काहून नाही केला वं?"

"तू होती ते? आमाले वाटलं, पुण्याची बाई होय. मला, मला करून राहिली. शेजारीण म्हणे, इले काय ठाऊक राखड? बंद कर ते."

केंद्रात पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, प्रमाण बोल, सगळ्यांना कळतं. मी निमूट मान हलवली. मोर्च्यात पोलिसांसमोर घोषणा देणारी मी! गावाकडचं 'मले' ज्याला कळत नाही, तो माणूस एकदा आणून दाखवा म्हणावं.

पुढच्या खेपेला मी माइकसमोर म्हणाले, "मी तिकडचीच होय. मले सांगा, राखड कुठं कुठं शिरते?"

फोन आले. कणकेत शिरते. पाळण्यातल्या लेकराच्या कानात. वाळत घातलेल्या मिरचीवर बसते. मायला मात्र मी बजावून ठेवलं होतं, तू फोन करू नको. माझा दादा त्याच वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. मागं एका मजुरानं राखडीचे फोटो पेपरवाल्याला दिले, तर त्याचा गेटपासच बंद झाला. म्हणून रेडिओवर मी आडनाव सांगत नाही.

शेवटचा फोन लागला.

"नमस्कार. मला खोकला आहे. मला रात्री झोप लागत नाही. घरात सर्वत्र राख असते."

राख म्हणाली, राखड नाही. एकेक शब्द त्या बॅगेसारखा पुसून ठेवलेला. ठेकेदाराची माणसं ऐकत असतील म्हणून माझंच 'मला' पांघरून माय बोलत होती. माझ्याच कार्यक्रमातून शिकली होती ते. आणि खोकल्याबद्दल तिनं माझ्यापाशी कधी चकार शब्द काढला नव्हता.

'माय' म्हणणं धोक्याचं होतं. मी म्हणाले, "बाई, डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. आपण काळजी करू नये." मग खोकल्याची उबळ, आणि ती ओसरता ओसरता तिच्या तोंडून निघूनच गेलं, "जेवली काय वं?"

सगळ्या गावानं ऐकलं असेल, आणि असं लेकीलाच विचारतात. ठेकेदारानंही. थेट प्रक्षेपण, मागं घेता येत नाही.

"जेवली," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आधी कुणी 'घर' या विषयावर पत्रक लिहायला सांगितलं असतं, तर मी हवा, पाणी, हक्क असं काहीतरी ठणकावून लिहिलं असतं. आता हात चालत नाही. इतकं शिकून, इतकं लपवून शेवटी जे तोंडातून निसटतं, तेच घर असावं. आणि त्याचीच भीती वाटते.

दादाची सकाळची पाळी आहे. गेटातून आत सोडलं की फोन कर, म्हटलंय त्याला. तोवर मी या स्वच्छ चौकटीवरून फडकं फिरवत बसलेय.