फिटरीण नव्हे

शुद्धलेखनाच्या चुकांची आणि कोंबडीच्या पायांसारख्या या अक्षराची आधीच माफी मागते. चौथीपुढे शाळा झाली नाही. पण हे लिहायचंच आहे.

चिंचवडकडच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी बाटल्या तपासायची. उजेडापुढे धरायची, बुडबुडा किंवा तडा दिसला की बाजूला काढायची. नवरा तिथेच फिटर, म्हणून मी फिटरीण. पगाराला खिडकीतून "फिटरीण!" अशी हाक यायची आणि माझे पैसे नवरा घ्यायचा. सगळ्याच बायकांचं तसं होतं. चारचौघांत माझं तोंड उघडत नसे.

नव्या भट्टीच्या वेळी जर्मनीहून एक साहेब आणि एक बाई आली. तिला साहेबाची बायको समजून आम्ही खणानारळाने तिची ओटी भरली आणि हटून बसलो, "साहेबांचं नाव घ्या!"

आमच्या इंजिनियरांनी तिला इंग्रजीत सांगितलं. बाई खदखदून हसली.

"अहो, तो नवरा नाही त्यांचा," इंजिनियर म्हणाले. "काच तपासायला त्याच आल्यात. तो त्यांच्या हाताखाली आहे."

बाईने माझ्या हातातली बाटली घेतली आणि अगदी माझ्यासारखीच उजेडाला धरली. इंजिनियरांनी सांगितलं, त्यांच्यात तपासणाऱ्या पुरुषाला प्रुफर म्हणतात, बाईला प्रुफरीन. माझ्याकडे बोट करून ती म्हणाली, "प्रुफरीन."

"म्हंजी आपल्या फिटरीनीवानीच की," शेजारची म्हणाली.

"न्हाई," मी म्हणाले. "फिटरीन कुटं पाना धरती? ही बाटली धरती."

पुढच्या पगाराला हाक आली, "फिटरीण!" माझे पैसे घेऊन नवरा वळला, तर समोर मी.

"त्ये माजं हायेत," मी म्हणाले. मग कारकुनाला म्हणाले, "हितं फिटरीन कुनी न्हाई. बाटल्या तपासनारी हाय. फुडच्या बारीला तिला हाक मारा."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "फिटर राव, घरचंच मशीन बिघडलं की!"

नवऱ्याने एक नोट पुढे केली. "बाकी घरी देतो. चल."

"हितंच द्या."

मी पदर पसरून उभी राहिले. त्याने लोकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिसा उलटा केला. शेवटच्या चवलीपर्यंत माझा सगळा पगार माझ्या पदरात पडला.