एकशे अडतीस की एकशे अठ्ठ्याऐंशी

सरस्वती नाखवा कोणाच्या शब्दावर कधी विसंबली नाही. रिक्षात बसली की मीटरवरून नजर काढायची नाही. दूधवाल्यासमोरच दूध बोटावर घेऊन बघायची. लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तावरसुद्धा तिचा भरवसा नसे. "लिहिलंय सहाचा, लागणार साडेसहाला," म्हणायची, आणि बहुतेक वेळा खरंच तसं व्हायचं.

ती ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली. तिची आई दगडाबाई बाजारात मासे विकायची. आईनं तिला लहानपणीच सांगून ठेवलेलं, "ताजा हाय म्हननाऱ्याचं तोंड नको बगू. माशाचा कल्ला उघडून बग." सरस्वती शिकली, लॅब टेक्निशियन झाली आणि नौपाड्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली. मी, नंदा, बऱ्याच वर्षांनी तिच्या हाताखाली आले. एखाद्या रिपोर्टचा आकडा तिला पटला नाही तर ती तपासणी पुन्हा करायला लावायची, आणि मी चिडले की म्हणायची, "तुझ्यावर नाही गं, रक्तावर शंका आहे." आम्ही मागून हसायचो. पण स्वतःच्या आईचं रक्त तपासायचं असलं की सगळे तिच्याकडेच घेऊन यायचे.

अठ्ठ्याण्णव साली आमच्या हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. टिपणीस यांनी ठरवलं की लॅबचे आकडे भरवशाचे आहेत अशी दिल्लीची सरकारी मान्यता मिळवायची. त्याची तयारी करून घ्यायला एक सल्लागार गृहस्थ आले. लॅब बघून झाली, तसे ते वॉर्डात गेले. तिथे ट्रेमध्ये साखर तपासायचं छोटं मशीन, ग्लुकोमीटर, ठेवलेलं. तेव्हा ते नवीनच होतं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, थोड्या वेळात आकडा दिसायचा.

"हे कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"वॉर्डाचं," सरस्वती म्हणाली.

"यावरच्या आकड्यावर इन्सुलिन देता ना? मग तेही तुमचंच. आकडा चुकला तर उत्तर लॅबनं द्यायचं."

त्या दिवसापासून वॉर्डातल्या सगळ्या मीटरची जबाबदारी सरस्वतीवर आली. एकाच माणसाचं रक्त एकाच वेळी मीटरवर आणि लॅबच्या मोठ्या मशीनवर तपासायचं आणि दोन्ही आकडे ताडून बघायचे. थोडा फरक चालतो, फार नको. शिवाय मीटर वापरणारी प्रत्येक सिस्टर ते नीट वापरते की नाही, हे शेजारी उभं राहून बघायचं.

दुसऱ्या मजल्यावरचा मीटर तिच्या डोळ्यांत खुपू लागला. काही दिवस आकडे अगदी जुळायचे, काही दिवस कुठल्या कुठे. तिनं पट्ट्यांची डबी बदलली, मीटरची बॅटरी बदलली. फरक गेला नाही. मग तिनं ड्यूटी कोणाची होती ते बघितलं. न जुळणाऱ्या प्रत्येक वेळी गोदा सिस्टर होती.

गोदा खडवलीहून यायची. पंचेचाळिशीची, शांत, हात इतका हलका की म्हातारी माणसं इंजेक्शनला तिचीच वाट बघायची. मी म्हटलं, "सरूताई, ती तशी नाही."

"कशी नाही?"

"आकडे मनाने लिहिणारी."

"तुला काय माहीत? टोचायचा कंटाळा, कालचा आकडा बघायचा, जरा इकडेतिकडे करून लिहायचा. कोण बघतंय?"

आणि ती वॉर्डात जाऊन थेट पेशंटनाच विचारू लागली. "आजोबा, सिस्टरनं सकाळी बोट टोचलं का? दाखवा बघू." आजोबांनी बोटं पुढे केली. टोचल्याच्या खुणा होत्या. सरस्वतीनं ती बोटं उजेडात धरून पाहिली. "या कालच्याही असतील," म्हणाली. गोदा दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि ट्रे घेऊन आत गेली.

त्यातच आणखी एक झालं. ताडून बघायला निरोगी माणसांचंही रक्त हवं होतं, म्हणून आम्ही सगळ्यांनी बोटं दिली. मी दिलं, मेट्रननी दिलं, डॉक्टरांनीसुद्धा दिलं. गोदानं दिलं नाही.

"आज उपास आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी म्हणाली, "माझं कशाला? मी काय पेशंट आहे?"

सरस्वती लॅबमध्ये येऊन मला म्हणाली, "घाबरते ती. स्वतःचं रक्त दिलं तर माझ्यासमोर मीटर चालवावा लागेल. येतच नसेल तिला." मला ते पटलं नव्हतं, पण आता माझीही नजर गोदाकडे जायला लागली. ती हात का लपवते, मीटर खिडकीशी का नेते, आपण आलो की पाठ का फिरवते. एकदा शंका शिरली की साध्या गोष्टीही साध्या दिसत नाहीत.

मग गोमाजी नावाच्या पेशंटचं झालं. दुपारी त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. लॅबमध्ये रक्त पाहिलं, साखर एकदम उतरलेली. ग्लुकोज दिलं, तासाभरात माणूस उठून बसला. पण साखर उतरली का? गोदानं जेवणाआधी मीटर बघून एकशे अठ्ठ्याऐंशी सांगितलेली, त्या हिशोबानं इन्सुलिन जास्त गेलं होतं. सरस्वतीनं मीटर उचलला आणि शेवटचा आकडा परत दाखवणारं बटण दाबलं. एकशे अडतीस.

गोदाला वॉर्डातून काढलं. डॉ. टिपणीस एवढंच म्हणाले, "चौकशी होईपर्यंत घरी बसा." तिनं एप्रनची घडी घातली, मेट्रनच्या टेबलावर ठेवली आणि निघाली. जिन्यात कोणीतरी म्हणालं, "खोटे आकडे लिहायची म्हणे." तिला ऐकू गेलं असणार.

सरस्वतीला आता समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दोन-तीन दिवस ती माझ्याशीही धड बोलली नाही. मग एकदा डबा खाता खाता थांबली.

"नंदा, मीटरमध्ये एकशे अडतीस होतं."

"हो ना."

"म्हणजे तिनं टोचलं. थेंब घेतला, पट्टी लावली, थांबली. सगळं केलं. एवढं करून खोटं कशाला लिहील कोणी? खोटं लिहिणारा आधी टोचणं टाळतो."

रविवारी ती मला घेऊन खडवलीला गेली. पर्समध्ये मीटर होता. कशाला विचारल्यावर म्हणाली, "असू दे."

घर स्टेशनपासून चालत जाण्याजोगं. अंगणात भर उन्हात गोदा तांदूळ निवडत बसलेली. आम्ही फाटकाशी उभ्या राहिलो. तिनं मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

सरस्वतीनं माझा हात दाबला.

"मी सरस्वती. लॅबमधली."

गोदानं तांदळाचं ताट बाजूला सारलं. "टिपणीस डॉक्टरांनी पाठवलंय? सही घ्यायला आलात? मी कशावरही सही करणार नाही."

"कोणी पाठवलं नाही. आम्हीच आलोय."

"मग इथेही विचारा शेजारीपाजारी. माझ्याबद्दल."

तिची सासू रखमाबाई बाहेर आली आणि आम्हाला आत घेऊन गेली. गोदानं चहा केला. कपात ओतताना तिनं काठाच्या आत बोट धरलेलं, चहा बोटाला लागला तशी थांबली. ते आम्ही दोघींनी पाहिलं. सरस्वतीनं चहा तसाच ठेवला आणि पर्समधून मीटर काढून सुरू केला. काचेवर गोमाजीचाच आकडा आला, एकशे अडतीस. तो तिनं गोदासमोर धरला.

"सिस्टर, किती आहे?"

गोदा मीटर घेऊन दाराच्या उजेडात गेली, तिरका धरला, जवळ नेला, लांब नेला.

"एकशे... पुढचं तीन आहे की आठ, सांगता येत नाही," ती हळूच म्हणाली. "सगळ्या आकड्यांच्या मधे काळा ठिपका येतो. सकाळी कमी असतो, तेव्हा दिसतं. दुपारी अंदाजानं सांगते."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. माझ्या मोठ्या बहिणीला साखर होती. आधी डोळे गेले, मग पाय कापला. मला सगळी लक्षणं दिसत होती हो. मी नर्स आहे. पण बोट टोचलं की ते खरं होणार. नाही टोचलं तोवर नाहीच. आणि सिस्टरलाच साखर, वर डोळे अधू म्हटल्यावर वॉर्डात कोण ठेवील?"

सरस्वतीनं तिच्या हातून मीटर परत घेतला. मग म्हणाली, "गोमाजी मेला असता, सिस्टर."

"माहीत आहे. त्या दिवसापासून झोप नाही."

तिनं स्वतःहून बोट पुढे केलं. साखर चारशेच्या घरात होती. सरस्वतीनं आकडा मोठ्यानं वाचला. रखमाबाईला आकडा कळला नाही, पण सुनेचा चेहरा बघून ती शेजारी येऊन बसली.

पुढचं सरस्वतीनंच मनावर घेतलं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोदाच्या डोळ्यांना लेझर केलं. उजवा डोळा फारसा सुधारला नाही, डावा टिकला. हॉस्पिटलनं तिला परत घेतलं, पण वॉर्डात नाही. ओपीडीत नव्या पेशंटना इन्सुलिन कसं टोचायचं, पायांची काळजी कशी घ्यायची, ते ती शिकवू लागली.

ती परत आली त्या दिवशी सरस्वतीनं जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, "गोदा सिस्टरनं कधी खोटं लिहिलं नाही. तिला दिसत नव्हतं. खोटं लिहिते असं मी म्हणालेले, ते चुकीचं होतं."

गोदा म्हणाली, "मॅडम, शंका घ्या. घ्यायलाच पाहिजे. पण आधी मला विचारायचं, माझ्या पेशंटना नाही." आणि डबा उघडला. दोघी कधी मैत्रिणी झाल्या नाहीत.

थंडीत मान्यतेसाठी तपासनीस आले. मद्रासकडचे, कमी बोलणारे, प्रत्येक उत्तरावर भुवई उंचावणारे. मीटर वापरणाऱ्यांचं ट्रेनिंग बघताना त्यांना एक नवीनच गोष्ट दिसली, प्रत्येक सिस्टरची दरवर्षी डोळ्यांची तपासणी. "हे आम्ही कुठे मागितलेलं नाही. का घातलंत?"

डॉ. टिपणीस सरस्वतीकडे बघायला लागले. काही थाप मार, असंच त्यांच्या डोळ्यांत होतं. सरस्वतीनं गोमाजीचं झालेलं सगळं सांगून टाकलं, गोदाचं नाव न घेता. तपासनीसांचा संशय आणखी वाढला. त्यांनी फ्रीज उघडायला लावला, पट्ट्यांच्या डब्या पाहिल्या, आमच्या कपाटांत स्वतः हात घातले. त्या खेपेला मान्यता मिळाली नाही. त्रुटी बऱ्याच निघाल्या, काही खऱ्या, काही आम्हाला किरकोळ वाटलेल्या.

डॉक्टर महिनाभर सरस्वतीवर नाराज होते. ती मात्र त्या त्रुटी घेऊन एकेक दुरुस्त करत बसली. पुढच्या वर्षी तेच तपासनीस पुन्हा आले. दुसऱ्या मजल्यावर जाऊन त्यांनी मीटर मागितला, स्वतःचंच बोट टोचून घेतलं आणि त्याच वेळी रक्त काढून लॅबमध्येही तपासायला लावलं. दोन्ही आकडे बघून त्यांनी मान हलवली. महिन्यानंतर मान्यता आली. ओपीडीत पेढे वाटले. गोदानं तिच्या वाटचा पेढा कागदात गुंडाळून सासूसाठी पर्समध्ये ठेवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.