एका पुकाऱ्यात दोन नावं

या सदरातले अनुभव वाचताना मला बहुतेक वेळा हसू येतं. ज्याने बातमीदारीत उमेदवारी केली, तो आधी विचारतो – कोणी पाहिलं, कुठे उभं राहून पाहिलं, उजेड किती होता? एवढ्यावरच बरीचशी भुतं मरतात. पुढची गोष्ट मी स्वतः ऐकली... भरदिवसा, भरल्या कोर्टात. तिला हे प्रश्न मी आजवर विचारतोच आहे.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. मी सांगलीच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार. सांगली संस्थानात आणि सातारा इंग्रजी मुलखात. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने जायचं आणि काळं होऊन उतरायचं. साताऱ्यात मॅजिस्ट्रेटसमोर एका खुनाची चौकशी चालू होती. पुरावा पुरेसा वाटला की खटला सेशन्सकडे जायचा, आणि तिथून फाशीचा रस्ता सरळ होता.

कडेगावजवळच्या एका गावातली तानूबाई नावाची विधवा मळ्यातल्या विहिरीत मेलेली सापडली होती. गळ्यावर बोटांचे वळ. नवऱ्याच्या वाट्याची उसाची जमीन तिने दिराकडे मागितली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक. पण आरोपी कोण? तर त्या हंगामात घरच्या गुऱ्हाळावर आलेले जतकडचे दोन गुळवे भाऊ, मल्लाप्पा आणि सिद्धाप्पा. परमुलखातले, आणि त्यांच्या बाजूने बोलणारं कोणीच नाही. थोरला मल्लाप्पा मला व्हरांड्यात म्हणाला, "आमी गूळ काडायला आलतो साहेब, जीव काडायला न्हाई."

दीर हाच गावचा पाटील. नाव देत नाही. नातवंडं नांदती आहेत. हा माणूस दर तारखेला कोर्टात हजर असे. दुसऱ्या बाकावर, पांढरा फेटा, तोंडात पान. मधल्या सुट्टीत त्याच्या घरून आलेल्या डब्यांवर गावकरी बसत, एक-दोन वकील बसत. "भावजयीसाठी जीव तुटतोय बघा पाटलाचा," असं रस्सा ओरपताना एकमेकांना सांगत. त्या पंगतीत विहीर कोणाला आठवत नसावी.

त्या दिवशी मुख्य साक्ष होती भिवाची, पाटलाच्या सालगड्याची. त्याने दोघा भावांना विहिरीवर पाहिल्याचं सांगितलं. पढवलेलं होतं, वाक्यं एका दमात येत होती. मल्लाप्पा आरोपीच्या पिंजऱ्यात मान हलवत राहिला. जबानी भिवाला वाचून दाखवणं सुरू झालं. ते आटोपण्याआधीच मॅजिस्ट्रेटांनी पुढच्या साक्षीदाराला, म्हणजे प्रेताच्या पंचनाम्यावरचा पंच गणपा माळी याला, बोलवायला सांगितलं.

पट्टेवाला दाराशी गेला. हा पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला माणूस, वाईकडचा. कडेगावचा रस्ताही त्याने पाहिलेला नव्हता. त्याने नेहमीच्या खणखणीत आवाजात पुकारा केला –

"राघूभावजी, हाजीर है ऽऽ!"

आवाज त्याचाच होता. बाईचा आवाज आला वगैरे लोकांनी मागाहून पसरवलं. ते खोटं आहे.

दुसऱ्या बाकावरून पाटील ताडकन उठला. "आलो, वैनी!" म्हणाला, आणि तीन पावलं पुढे आला. मग थांबला. पान तोंडातच राहिलं होतं आणि लाळ हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत होती.

आपल्याकडे नवी नवरी सासरच्या माणसांची नावं घेत नाही. धाकट्या दिराला ती स्वतः एखादं नाव ठेवते, आणि ते घराच्या उंबऱ्याआतच राहतं. पुढचं सांगितलं ते अजून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात असलेल्या भिवानेच.

"राघूभावजी म्हंजे आमचं मालक... वैनीसाब एकट्याच म्हनायच्या. त्या आल्यात सायब! त्यांनी मला बी बघितलंया."

"कोण आलंय? नीट सांग," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"मालकांनीच गळा धरला. हिरीवर. म्या बैलं सोडत हुतो. ह्या गुळव्यांचं काय बी न्हाई हो त्यात!"

इतक्यात दारातून गणपा माळी आत डोकावला. "मला पुकारलं न्हवं?"

व्हरांड्यातल्या सगळ्यांनी "गणपा माळी" असंच ऐकलं होतं. आतल्या आम्ही सगळ्यांनी – मॅजिस्ट्रेट, कारकून, दोन्ही बाजूंचे वकील – "राघूभावजी" ऐकलं. पट्टेवाल्याला मी नंतर गाठलं. तो चिडला. "गणपा म्हनलो. राघू कोन माझा सासरा?"

कायदा असा होता : कोर्टात नुसता बसायला आलेल्या माणसाविरुद्धही पुरावा निघाला, तर मॅजिस्ट्रेट त्याला तिथेच अडकवून आरोपी करू शकत. पाटील तिसरा आरोपी झाला. बाकावरचे लोक त्याच्या जागेपासून दूर सरकले. सकाळी त्याचंच पान खाल्लेले. मात्र कायद्याचा दुसरा भाग असा, की नव्या आरोपीपुरती चौकशी पहिल्यापासून व्हायची आणि सगळे साक्षीदार पुन्हा तपासायचे.

तेवढी सवड पुरली. भिवा परत आला तो नवं धोतर नेसून. पाटलाच्या माणसांनी माधवनगरच्या एका गिरणीत त्याला चिकटवलं होतं. "भ्यालो हुतो सायब. त्या हाकंनं टकुरं फिरलं. काय बोललो ठावं न्हाई." पाटलाच्या वकिलाने गणपाला उभं करून विचारलं, पुकारा कोणाचा झाला? गणपा म्हणाला, माझाच. वकील हसून म्हणाला, "भुताचा पुकारा पुराव्यात धरायचा झाला, तर भुताची उलटतपासणी करू द्या." कोर्ट हसलं. तानूबाईचं नाव त्या दिवशी एकदाही निघालं नाही.

भिवाचा शब्द कोणाविरुद्धच टिकेना. मॅजिस्ट्रेटांनी तिघांनाही सोडलं. गुळवे भाऊ बेड्या निघताच मागे न बघता चालू लागले. त्यांचे गळे वाचले, एवढी एक गोष्ट त्या खटल्यात धड झाली.

पाटील पायऱ्यांवर पेढे वाटत होता. डब्यावर जेवणारे सगळे हात पुढे करून उभे. मी विचारलं, "पाटील, त्या दिवशी ‘आलो वैनी’ का म्हणालात?"

"आवं, सवय पडली. धा वर्साचा हुतो, ती लगीन होऊन आली तवा. तिच्याच हातनं जेवलोय मी." त्याने बोटाला लागलेला पेढा चाटला. "अजून मारती की हाक. ताटावर बसलो का मारती."

"मग?"

"मग काय? ओ देतो, आन् जेवतो. घ्या, पेढा घ्या."

मी पेढा न घेता पायऱ्या उतरलो. एका पुकाऱ्यात दोन नावं कशी ऐकू आली, याचा उलगडा मला झालेला नाही. मेलेल्या बाईने हाक मारली असं घटकाभर मानलं... तरी त्या हाकेने त्याचा एक घाससुद्धा कमी झाला नाही.